न भांडता दुरावलेली मैत्री : नववीतील एका विद्यार्थिनीचे प्रकरण

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा पुन्हा भरली तेव्हा नववीच्या वर्गशिक्षिकांनी एका विद्यार्थिनीला माझ्याकडे समुपदेशनासाठी पाठवले. सोबतच्या चिठ्ठीत लिहिले होते की, प्रथम सत्र परीक्षेत तिचे गणिताचे आणि विज्ञानाचे गुण घसरले आहेत, मधल्या सुट्टीत ती डबा न उघडता वर्गातच बसून राहते आणि पोट दुखत असल्याचे सांगून वारंवार घरी थांबते. ग्रामीण रुग्णालयात तपासणी झाली होती; पोटदुखीचे शारीरिक कारण सापडले नव्हते. चिठ्ठीच्या शेवटी बाईंनी लिहिले होते, ‘मैत्रिणीशी काही बिनसले असावे, पण विचारले तर भांडण झालेच नाही असे म्हणते.’

मुलगी खरे बोलत होती. भांडण झालेले नव्हते, आणि तिच्या दुःखाचे जवळजवळ सगळे मूळ त्यातच होते. भांडणाला निदान एक दिवस असतो, एक कारण असते, आपली बाजू आणि समोरच्याची बाजू असते, आणि मोठ्या माणसांना ते मिटवताही येते. जी मैत्री कोणीही न तोडता विरळ होत जाते, तिच्यासाठी शाळेत, घरात आणि आपल्या रोजच्या बोलण्यात फारशी सोय नाही. म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडावेसे वाटले. दोन्ही मुलींची व त्यांच्या घरांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मजकुरात एकीला ‘मुलगी’ आणि दुसरीला ‘मैत्रीण’ एवढेच म्हटले आहे.

पार्श्वभूमी

शाळा सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी आहे, आणि मुलगी तिथून काही अंतरावरच्या खेड्यात राहते. तिच्या गावात जिल्हा परिषदेची शाळा चौथीपर्यंतच असल्यामुळे पाचवीपासून तिथल्या मुलांना एसटीने तालुक्याला यावे लागते. मैत्रीण त्याच गावातली, दोन घरे सोडून राहणारी. अंगणवाडीपासून दोघी एकत्र होत्या. पाचवीत अहिल्यादेवी होळकर योजनेतील मोफत पास दोघींनी एकाच दिवशी काढला, वर्गात एका बाकावर बसल्या, आणि सातवी संपेपर्यंत त्यांच्या दिवसाचा क्वचितच एखादा तास एकमेकींविना गेला असेल.

या सहवासाचे प्रमाण लक्षात घेण्याजोगे आहे. एसटीत जाता-येता मिळून रोज सुमारे एक तास जात असे. शिक्षण हक्क कायद्यानुसार सहावी ते आठवीच्या वर्गांना वर्षाला किमान २२० दिवस शाळा भरावी लागते. म्हणजे नुसत्या बसमध्ये या दोघींनी वर्षाला दोनशेहून अधिक तास एकत्र काढले. अमेरिकेतील जेफ्री हॉल या संशोधकांनी नव्या गावी राहायला गेलेल्या प्रौढांचा आणि महाविद्यालयात नव्याने दाखल झालेल्या विद्यार्थ्यांचा अभ्यास केला होता. अनोळखी माणूस जवळचा मित्र होण्यासाठी साधारण दोनशे तासांहून अधिक सहवास लागतो, असे त्यांना आढळले. शाळकरी मुलींना ते माप नेमके लागू पडेल असे मी म्हणत नाही. परंतु एवढा सहवास ज्यांना दरवर्षी आपोआप मिळत होता, त्यांना मैत्रीसाठी कधी वेळ काढावा लागला नव्हता, कधी बोलावणे धाडावे लागले नव्हते, आणि ‘आज भेटूया का’ हे वाक्यसुद्धा उच्चारावे लागले नव्हते. त्यांची मैत्री त्यांचा दिनक्रमच सांभाळत होता, आणि दिनक्रम बदलल्यावर ती सांभाळायची कशी हे दोघींपैकी कोणालाच ठाऊक नव्हते.

आठवीत मैत्रीण सेमी-इंग्रजीच्या तुकडीत गेली आणि मुलगी मराठी माध्यमाच्या तुकडीत राहिली. त्या वर्षी एसटी आणि मधली सुट्टी शिल्लक होती, त्यामुळे फारसे जाणवले नाही. नववीच्या जूनमध्ये मैत्रिणीच्या वडिलांनी कामासाठी आणि मुलीच्या क्लाससाठी तालुक्याच्या गावी भाड्याने खोल्या घेतल्या, आणि एसटीचा प्रवास संपला. पुढे मैत्रिणीची खो-खोच्या संघात निवड झाली. मधल्या सुट्टीतही ती संघातल्या मुलींबरोबर दिसू लागली. तिला स्वतःचा मोबाइल मिळाला. मुलीच्या घरी मात्र एकच मोबाइल होता, तो आईचा, आणि तो संध्याकाळी तासभर हाताला लागायचा.

मुलीने सांगितलेली हकिगत

पहिल्या भेटीत ती फार बोलली नाही. दुसऱ्या भेटीत तिने जे सांगितले त्यातले एक वाक्य मी तिच्याच शब्दांत नोंदवून ठेवले आहे : “मॅडम, भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. मग मी सॉरी तरी म्हटलं असतं.”

जूनपासूनचे तिचे वागणे तिच्याच सांगण्यावरून हळूहळू स्पष्ट झाले. सुरुवातीला ती शाळा सुटल्यावर फाटकाशी थांबायची आणि त्यापायी दोनदा तिची गाडी चुकली. नंतर तिने थांबणे सोडले आणि मैत्रिणीची परीक्षा घ्यायला सुरुवात केली. आपण आधी हाक मारायची नाही, तिला आठवण येते का बघायचे. आपला वाढदिवस आपण होऊन सांगायचा नाही. आईच्या मोबाइलवरून ती शेवटची ऑनलाइन कधी होती ते पाहायचे आणि तिने संदेश पाहूनही उत्तर दिले नाही तर ते मनात धरायचे. आईच्या व्हॉट्सअ‍ॅपवर ‘काही लोक बदलतात’ अशा अर्थाची स्टेटस ठेवली गेली आणि ती मैत्रिणीच्या आईनेच पाहिली. वाढदिवसाला मैत्रिणीचा संदेश रात्री उशिरा आला, तेव्हा मुलीने त्याला उत्तर दिले नाही. प्रत्येक परीक्षेत मैत्रीण नापास होत होती, आणि आपली परीक्षा चालू आहे हे तिला माहीतच नव्हते.

एसटीत खिडकीजवळची एक जागा दोघींची ठरलेली होती. मैत्रीण तालुक्याला राहायला जाऊन पाच महिने झाले तरी मुलगी तिच्या जागेवर दप्तर ठेवत होती आणि कोणी विचारले तर ‘जागा आहे’ असे सांगत होती. हे तिने सांगितले तेव्हा ती पहिल्यांदा रडली.

त्यापूर्वी झालेले उपाय

घरी आईने तिला समजावले होते की अशा छप्पन्न मैत्रिणी मिळतील, आत्ता अभ्यास महत्त्वाचा. आजीचे म्हणणे होते की ज्याचे त्याचे आयुष्य असते, कोण कुणाला पुरते? दोघींच्या बोलण्यात माया होती, आणि आजीच्या बोलण्यात तर स्वतःच्या आयुष्याचा अनुभवही होता. मुलीपर्यंत मात्र एवढेच पोहोचले की आपले दुःख क्षुल्लक आहे. तिने घरी तो विषय काढणे थांबवले आणि त्यानंतर काही दिवसांतच पोटदुखी सुरू झाली. कारण एवढेच आहे असे मी ठामपणे म्हणणार नाही, पण ज्या दुःखाला घरात बोलायला जागा राहत नाही ते मुलांच्या शरीरातून बोलू लागते, हा शाळेत काम करणाऱ्यांचा नेहमीचा अनुभव आहे.

शाळेत एका शिक्षिकेने दोघींना शिक्षक-खोलीत बोलावून हात मिळवायला लावले होते आणि ‘आता पुन्हा पूर्वीसारखं राहायचं’ असे सांगितले होते. भांडणावर हा उपाय कधी कधी चालतो. येथे मिटवण्यासारखे काहीच नसल्यामुळे दोघींनी निमूटपणे हात मिळवले, आणि त्यानंतर एकमेकींसमोर येणे दोघींनाही अधिक अवघड झाले. मैत्रीण तर मुलगी दिसली की वाट बदलू लागली.

मूल्यमापन

आरंभी दोन गोष्टींची खात्री करणे भाग होते. पहिली म्हणजे हा छळाचा किंवा ठरवून वाळीत टाकण्याचा प्रकार आहे का. दुरावा आणि बहिष्कार बाहेरून सारखे दिसू शकतात, पण त्यांवरचे उपाय वेगळे आहेत. अनेकांनी मिळून, पुन्हा पुन्हा, एकीला त्रास व्हावा म्हणून वागणे चालू असेल तर शाळेने मध्ये पडलेच पाहिजे. तिथे मुलीला ‘तू स्वतःला सावर’ असे सांगणे अन्यायाचे आहे. खो-खोच्या संघातल्या एका मुलीने तिला ‘चिकटू’ म्हटले होते आणि तो शब्द काही दिवस फिरला होता. वर्गशिक्षिकांनी त्या मुलीशी स्वतंत्र बोलून तो प्रकार थांबवला. त्यापलीकडे ठरवून केलेले काही आढळले नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे नैराश्याची तीव्रता. झोप, भूक, आवडीच्या गोष्टींतला रस आणि स्वतःला इजा करण्याचे विचार यांविषयी मी तिला सरळ शब्दांत विचारले. मरणाविषयी विचारल्याने तो विचार मुलांच्या डोक्यात येतो, ही समजूत चुकीची आहे. विचारल्याने त्यांना बोलण्याची मुभा मिळते. तिने सांगितले की जीव द्यावा असे वाटत नाही, पण सकाळी उठूच नये असे वाटते. झोप लागत होती, घरी जेवण होत होते, सुट्टीच्या दिवशी चुलत भावंडांत ती हसत-खेळत होती. यावरून तातडीने मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवण्याची गरज दिसली नाही. तरीही आईला दोन गोष्टी लिहून दिल्या : मानसिक आरोग्यासाठी फोनवर मदत देणाऱ्या राष्ट्रीय टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक, आणि सरकारी रुग्णालयांत किशोरवयीन मुला-मुलींसाठी चालणाऱ्या मैत्री क्लिनिकची माहिती. काय दिसले तर थांबून न राहता तिथे जायचे हेही सांगितले. त्यात घरच्या जेवणावरची वासना उडणे, सुट्टीतही खोलीबाहेर न येणे आणि मरणाचे बोलणे यांचा समावेश होता.

प्रकरणाचे आकलन

अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ हॅरी स्टॅक सुलिव्हन यांनी असे मांडले होते की किशोरवयाच्या उंबरठ्यावर मुलाला पहिल्यांदा एखादा समवयस्क आपल्याइतकाच महत्त्वाचा वाटू लागतो आणि त्या जिवलगाच्या नजरेतून ते स्वतःची किंमत पारखायला शिकते. हे मान्य केले तर अशी मैत्री विरळ होताना सोबतीबरोबर आणखीही काही जाते हे कळते. ‘मी कोण’ या प्रश्नाला आजवर मिळत आलेले उत्तर मिळेनासे होते. चौदाव्या वर्षी दुसऱ्या ठिकाणाहून ते मिळवण्याची सवय अजून लागलेली नसते, आणि म्हणूनच ‘छप्पन्न मैत्रिणी मिळतील’ हे आश्वासन त्या वयात पोकळ वाटते.

दुसऱ्या बाजूने पाहता शालेय मैत्र्या बदलणे हा नियमच आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हार्टल, लॉर्सेन आणि सिलेसन यांच्या अभ्यासात अमेरिकेतील विद्यार्थ्यांच्या मैत्र्यांचा सातवीपासून बारावीपर्यंत मागोवा घेतला होता; सातवीत जुळलेल्या मैत्र्यांपैकी बारावीपर्यंत अखंड टिकलेल्यांचे प्रमाण जेमतेम एक टक्का निघाले. ज्या जोड्यांमध्ये अभ्यासातली गती, वर्गातली लोकप्रियता अशा बाबतींत सुरुवातीपासून अंतर होते, त्या लवकर तुटल्या. हा आकडा मी मुलीला पहिल्या भेटींत सांगितला नाही. आपले घर गळत असताना गावातली सगळी घरे गळतात हे ऐकून कोणाचे अंथरूण कोरडे होत नाही. पुढे ती सावरल्यावर तिने स्वतःच विचारले की हे सगळ्यांचे होते का, तेव्हा सांगितला, आणि तेव्हा तिला त्याचा आधार वाटला.

अमेरिकी संशोधक पॉलीन बॉस यांनी अशा दुःखाचा विचार मांडला आहे ज्यात माणूस गेला की आहे हेच नक्की कळत नाही. बेपत्ता सैनिकांच्या आणि स्मृतिभ्रंश झालेल्या रुग्णांच्या कुटुंबांसंबंधी ते विवेचन आहे. शाळेतल्या मैत्रीला ते जसेच्या तसे लावणे अतिशयोक्तीचे होईल. पण त्यातली एक गोष्ट येथे खरी ठरते. निरोपाचा क्षण नसल्यामुळे शोक सुरूच होत नाही, आणि सुरू न झालेला शोक संपतही नाही. मैत्रीण रोज प्रार्थनेच्या रांगेत समोर उभी असायची. मग हरवले ते काय, असा प्रश्न मुलगी स्वतःलाच विचारत होती.

तिच्या मनात दोन निष्कर्ष घट्ट झाले होते. ‘मी कंटाळवाणी आहे, म्हणून ती गेली’ हा पहिला. ‘ती आधीही खरी नव्हतीच’ हा दुसरा. समुपदेशनात बहुधा पहिल्याकडे लक्ष जाते. माझ्या मते दुसरा अधिक घातक होता, कारण तो मागे जाऊन नऊ-दहा वर्षांच्या आठवणी खोट्या ठरवतो, आणि ज्या मुलीचे बालपणच खोटे ठरले तिने पुढच्या मैत्रिणीवर कशाच्या बळावर विश्वास ठेवायचा?

केलेले काम

सत्र संपेपर्यंत आम्ही आठवड्यातून एकदा भेटत होतो. आधी दुःखाला दुःख म्हणण्याचे काम झाले. तू एक मोठी गोष्ट गमावते आहेस आणि त्याचे वाईट वाटणे योग्य आहे, एवढेच मी तिला सांगितले. त्यानंतरच्या आठवड्यात ती शाळेत रोज आली.

मग आम्ही पाचवीपासूनचा काळ एका लांब कागदावर आखला आणि प्रत्येक बदल त्याच्या जागी लिहिला : तुकडी, खोल्या, खो-खो, क्लास, मोबाइल. प्रत्येकापुढे तिने लिहायचे होते की हे कोणी ठरवले. तुकडी शाळेने ठरवली, खोल्या मैत्रिणीच्या वडिलांनी, आणि खो-खो मैत्रिणीने. मधल्या सुट्टीत संघातल्या मुलींबरोबर डबा खाणे हेही मैत्रिणीनेच ठरवले होते, आणि तिथे मुलगी थांबली. सगळे परिस्थितीवर ढकलले असते तर तिला क्षणभर बरे वाटले असते, पण ते खरे नव्हते आणि तिला ते कळलेही असते. मैत्रिणीने काही निवडले होते. ती निवड मुलीविरुद्ध होती का, की केवळ दुसऱ्या कशासाठी होती, या प्रश्नावर आमच्या बऱ्याच भेटी गेल्या. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची आणि मराठीत कि. मो. फडके यांनी रुजवलेली विवेकनिष्ठ विचारपद्धती येथे उपयोगी पडली. घटना, घटनेविषयीची आपली धारणा आणि त्या धारणेतून येणारी भावना हे तीन धागे वेगळे करायला नववीतली मुलगी सहज शिकते. ‘तिने माझ्याबरोबर डबा खाल्ला पाहिजे’ आणि ‘तिने खाल्ला असता तर मला आवडले असते’ या दोन वाक्यांतला फरक तिला कळला, आणि दुसरे वाक्य दुःखाचे असले तरी त्यात अपमान नाही हेही तिने स्वतःच म्हटले.

दुसऱ्या निष्कर्षासाठी स्लॅमबुक कामाला आले. सातवीच्या शेवटी भरून घेतलेले ते स्लॅमबुक तिला फाडून टाकायचे होते. इतक्यात ठरवू नकोस, एकदा घेऊन ये, असे मी सुचवले. मैत्रिणीचे पान तिने मोठ्याने वाचले. मी विचारले, ज्या दिवशी तिने हे लिहिले त्या दिवशी ते खरे होते का? बराच वेळ विचार करून ती म्हणाली, “तेव्हा खरं होतं.” त्या दिवशी आम्ही पुढे काहीही केले नाही, कारण त्याहून महत्त्वाचे त्या दिवशी करण्यासारखे नव्हते.

परीक्षा घेणे थांबवणे सर्वांत अवघड गेले. मोबाइलवर शेवटची वेळ पाहणे हे तिच्या दिवसाचे केंद्र झाले होते. आईने त्याच वेळेला तिला भाकरीच्या कामात सोबत घ्यायला सुरुवात केली, आणि उपदेश न करता नुसते ऐकायचे एवढे एकच पथ्य मी आईला सांगितले. “मॅडम, न बोलता ऐकणं लई अवघड आहे,” असे आई म्हणाल्या, आणि त्यांनी ते केले. चुलत बहिणीबरोबर रात्री त्याच त्या गोष्टी उगाळणे मात्र मर्यादित ठेवावे लागले. अमेरिकी संशोधक अमांडा रोज यांनी २००२ मध्ये दाखवून दिले होते की मैत्रिणींनी एकच अडचण पुन्हा पुन्हा चघळण्याने जवळीक वाढते, पण त्याबरोबर उदासी आणि चिंताही वाढलेली दिसते. दोन बहिणींनी ठरवले की या विषयावर दिवसातून एकदाच बोलायचे आणि मग दुसऱ्या विषयाकडे वळायचे.

मैत्रिणीची बाजू

मुलीच्या आणि दोन्ही घरांच्या संमतीने मी मैत्रिणीला स्वतंत्रपणे भेटले. तिच्यावर काही लादायचे नाही हे आधीच ठरवले होते. दुरावलेल्या मैत्रीत जी पुढे निघून जाते तिला सगळे निष्ठुर समजतात, आणि तिचे ऐकून घेणारे कोणी नसते. मैत्रीण म्हणाली की मुलगी दिसली की मला अपराधी वाटते, अपराधी वाटले की मी टाळते, आणि टाळले की आणखी अपराधी वाटते. नंतर तिने एक वाक्य उच्चारले, जे मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत प्रामाणिक वाटले : “तिच्यासमोर मला जुनीच राहावं लागतं.” खो-खोमुळे तिला पहिल्यांदा आपण कशात तरी चांगल्या आहोत असे वाटत होते. जुन्या मैत्रिणीला तिच्यातली ही नवी मुलगी ओळखीची नव्हती. तिला मैत्री तोडायची नव्हती, पण पूर्वीसारखी दिवसभराची सोबत तिला नको होती. चौदाव्या वर्षी हे म्हणण्याचा तिला अधिकार आहे, आणि तो मान्य केल्याशिवाय मुलीलाही न्याय देता आला नसता.

मध्येच झालेली पीछेहाट

डिसेंबरअखेर स्नेहसंमेलन झाले. पाचवीपासून दोघी दरवर्षी एकत्र नाच बसवत असत. या वर्षी मैत्रीण संघातल्या मुलींबरोबर रंगमंचावर आली, आणि मुलगी कार्यक्रम अर्धा सोडून गावी परतली. पुढचे काही दिवस ती शाळेत आली नाही आणि पोटदुखी परत आली. शिक्षकांना वाटले की इतक्या दिवसांचे काम वाया गेले. मला तसे वाटले नाही. तिने जे वर्षभर चुकवले होते ते त्या संध्याकाळी सगळ्यांदेखत तिच्यासमोर उभे राहिले, आणि त्या रात्री घरी तिने आईजवळ पहिल्यांदा मोकळेपणाने सांगितले की आता ते पूर्वीसारखे होणार नाही. हे वाक्य तिने स्वतः उच्चारणे गरजेचे होते.

दोघींचे बोलणे

जानेवारीत मुलीनेच सांगितले की तिला मैत्रिणीशी एकदा सरळ बोलायचे आहे. आम्ही तयारी केली. पहिल्या मसुद्यात ‘तू बदललीस’, ‘तुला आता माझी गरज नाही’ अशी वाक्ये होती. प्रत्येक वाक्यापुढे तिने स्वतःला विचारायचे होते की यावर मैत्रीण काय म्हणू शकेल. बहुतेक वाक्यांवर मैत्रिणीला फक्त आपला बचाव करता आला असता, म्हणून ती वाक्ये गळत गेली. शेवटी उरले ते एवढेच : “मला तुझी आठवण येते. तू आता वेगळ्या ग्रुपमध्ये आहेस हे मला कळलंय. रोज नाही, पण दिसलीस तर बोलत जा. आणि वाढदिवसाला मी उत्तर दिलं नाही, ते मुद्दाम होतं.”

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर ग्रंथालयात दोघी बोलल्या. मी बाहेर होते. नंतर दोघींनी सांगितल्यानुसार मैत्रीण आधी रडली आणि म्हणाली की मला वाटले तूच माझ्यावर चिडली आहेस. मग ती हेही म्हणाली की मधल्या सुट्टीत रोज डब्याला येणे तिला जमणार नाही. मुलीने हे मला सांगितले तेव्हा तिचे डोळे भरले होते, पण आवाज स्थिर होता. गेल्या जूनपासून तिला ज्या नकाराची धास्ती होती तो स्पष्ट शब्दांत मिळाला होता, आणि त्यासोबत हेही कळले होते की ती नकोशी झालेली नाही. इतक्या महिन्यांच्या अंदाजांपेक्षा तो एक नकार तिला सोसायला सोपा गेला.

त्यानंतर

एसटीतल्या खिडकीजवळच्या जागेवरून दप्तर उचलावे की नाही हे मी तिच्यावर सोडले होते. फेब्रुवारीत तिने सांगितले की गावातली सातवीतली एक मुलगी आता तिथे बसते आणि अपूर्णांकांची गणिते विचारते. वर्गात जूनपासून जी तिच्या शेजारी बसत होती तिच्याकडे तिचे वर्षभर लक्षच गेले नव्हते. आता दोघी डबा एकत्र खातात. ही जुन्या मैत्रीची भरपाई आहे असे ती म्हणत नाही आणि मीही म्हणणार नाही. मैत्रिणीशी बोलणे आठवड्यातून एक-दोनदा होते, विज्ञानाच्या वह्यांची देवाणघेवाण होते, आणि मार्चमध्ये जिल्ह्याच्या खो-खो सामन्यांची हकिगत मैत्रिणीने आपण होऊन तिला सांगितली. वार्षिक परीक्षेत गणिताचे गुण पूर्ववत झाले. विज्ञानाचे अजून झालेले नाहीत.

एक निर्णय बराच काळ लांबवून ठेवला होता. नोव्हेंबरमध्ये मुलीने वडिलांकडे हट्ट धरला होता की तिलाही सेमी-इंग्रजीच्या तुकडीत घालावे, आणि वडील तालुक्याला खोली घेण्याचा विचार करू लागले होते. दुःखाच्या भरात घेतलेला असा निर्णय कुटुंबाला महाग पडला असता आणि मैत्रिणीवर त्याचे ओझे आले असते, म्हणून वार्षिक परीक्षेपर्यंत थांबण्याची विनंती मी केली होती. एप्रिलमध्ये मुलीने स्वतःच सांगितले की दहावी मराठी माध्यमातूनच करायची आणि पुढे परिचारिकेच्या शिक्षणाची चौकशी करायची. वडिलांनी खोली घेण्याचा विचार सोडला.

दहावीनंतर या दोघीच नव्हे तर त्यांचा सगळा वर्ग पांगणार आहे. अकरावीचे प्रवेश आता राज्यभर ऑनलाइन होतात. कोणाला कोणते महाविद्यालय मिळेल हे निकालाच्या गुणांवर आणि पसंतीक्रमावर ठरते. या मुलीला ते एकदा आधीच सोसावे लागले आहे, बाकीच्यांना अजून सोसायचे आहे. म्हणून येत्या वर्षी दहावीच्या सर्व तुकड्यांसाठी दुसऱ्या सत्रात मैत्री या विषयावर वर्गवार बोलण्याचे तास ठेवावेत, असे मी मुख्याध्यापकांना सुचवले आहे आणि त्यांनी ते वेळापत्रकात घेतले आहे. मुलीशी पुढची भेट जूनमध्ये ठरली आहे. दहावीच्या वर्षी अभ्यासाचा ताण वाढल्यावर पोटदुखी परत येते का, आणि नव्या मैत्रिणींवर ती कितपत विसंबू शकते, या दोन गोष्टी तेव्हा पाहायच्या आहेत.